लाल दातांची चिचुंद्री

दात कोरून पोट भरत नाही, असं लोक म्हणतात. लोकांचं काय जातं म्हणायला! मी तीसेक वर्षं दुसऱ्यांचे दात कोरले, त्यावर घर चालवलं, मुलीला शिकवलं, आणि स्वतःचं पोट तर असं भरलं की शेवटी शेवटी खुर्चीतल्या माणसाच्या तोंडात वाकून बघायचं म्हटलं की तेच मध्ये यायचं. मग दवाखाना एका तरुण दंतवैद्याला देऊन टाकला आणि घरी बसलो. घरी बसणं मला जमत होतं, आमच्या हिला जमेना. चहा पिताना मी तिच्या दातांकडे बघतो, अशी तिची तक्रार. शेजारच्या बाई माझ्याशी तोंडावर हात धरून बोलायला लागल्या, तेव्हा हिने माझी बॅग भरली आणि फर्मान काढलं, की महिनाभर लेकीकडे जाऊन या. लेकीला मदत होईल आणि मला जरा शांतता मिळेल.

लेक आमची एकुलती एक. लहानपणी तिचे पुढचे दोन दुधाचे दात पडून नवे आले ते एवढे मोठे, की मी तिला 'पटाशी' म्हणायला लागलो. पुढे तार लावून ते दात मीच बसवले, पण नाव राहिलं. तिने माझा दवाखाना चालवावा अशी माझी फार इच्छा होती. तिने प्राणिशास्त्र घेतलं. आता ती एका डोंगरावर, गवताळ पठाराच्या काठाला, दोन खोल्यांच्या दगडी संशोधन केंद्रात एकटी राहून रानातल्या सस्तन प्राण्यांचा अभ्यास करत होती. नेमक्या कुठल्या, असं कोणी विचारलं तर मी 'लांडगेबिंडगे' असं सांगून मोकळा व्हायचो. खरं म्हणजे मला ठाऊक नव्हतं.

ते ठाऊक नसण्याचं कारण माझ्या धंद्यात आहे. दंतवैद्य आधी माणसाच्या तोंडात कापसाचे बोळे कोंबतो आणि मग त्याला विचारतो, काय, मुलं काय म्हणतात? तो बिचारा 'अं अं' करतो. आपण मान हलवतो आणि ड्रिल चालू करतो. तीस वर्षं हे केलं की प्रश्न विचारायची सवय लागते आणि उत्तर ऐकायची सुटते. डोकं हलवत, मधूनमधून 'अस्सं' म्हणत मी तासभर दुसऱ्याच गोष्टीचा विचार करू शकतो. या कलेत मी इतका तयार होतो की लग्नाला इतकी वर्षं झाली तरी हिच्या ते लक्षात आलं नाही. किंवा आलं असेल, तिने सांगितलंही असेल.

तर पहिल्या संध्याकाळी मी पटाशीला विचारलं, काय काम चाललंय तुझं? आणि ती सांगायला बसली. कंदिलासारखा एक दिवा टेबलावर, समोर काचेच्या बशा, आणि ती हातवारे करून बोलत होती. इतकी खूश मी तिला बऱ्याच वर्षांत पाहिली नव्हती. मी मान हलवली, अस्सं म्हटलं. मनात विचार हा चालला होता की खिडकीला तावदान नीट बसत नाहीये, रात्री थंडी वाजणार. एक गोष्ट तेवढी कानात शिरली. ती चिचुंद्रीचा अभ्यास करत होती. डोंगर पोखरून उंदीर काढला म्हणतात, आमच्या मुलीने तर उंदीरही नाही, चिचुंद्री काढली. मला वाईट वाटलं, पण मी अस्सं म्हटलं.

दुसऱ्या दिवसापासून तिने मला कामाला लावलं. रानातल्या प्राण्यांचा अभ्यास म्हणजे दुर्बीण घेऊन मचाणावर बसायचं, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात तो प्राणी सोडून बाकी सगळं बघायचं असतं. पावलांचे ठसे बघायचे. लेंड्या गोळा करायच्या. बिळाच्या तोंडाशी चिकटपट्टी लावून तिला चिकटलेले केस मोजायचे. आणि पठारावरच्या कपारीत एक घुबड राहत होतं, त्याने ओकलेले गोळे वेचून आणायचे. घुबड लहान जनावर अख्खं गिळतं आणि हाडं न् केस नंतर गोळा करून तोंडावाटे टाकून देतं. ते गोळे कोमट पाण्यात भिजवायचे, चिमट्याने केस काढायचे आणि आतल्या कवट्या बाजूला ठेवायच्या. एका सेवानिवृत्त डॉक्टरला घुबडाच्या ओकाऱ्या निवडायला बसवलंय, असं मी हिला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, बसा.

पण चिमटा हातात आल्यावर मला कंठ फुटला. कवट्या नखाएवढ्या, दात खसखशीएवढे, आणि पटाशी मला शिकवायला लागली की सस्तन प्राण्याचं कूळ शेपटीवरून किंवा रंगावरून ठरत नाही, बरंचसं दातांवरून ठरतं. उंदराला पुढे दोन पटाशीचे दात, मग मोकळी जागा, मग दाढा. चिचुंद्रीच्या तोंडात मोकळी जागाच नाही, पुढून मागपर्यंत टोकदार दातांची रांग. म्हणून दिसायला कितीही सारखी असली तरी चिचुंद्री उंदीर नव्हे, तिची भावकीच निराळी. मी म्हटलं, म्हणजे तुला मी लहानपणीच उंदरांत घातलं होतं तर. ती हसली. हे मात्र मी नीट ऐकलं होतं, कारण दातांचा विषय होता.

आठवड्याभरात मी उंटावरचा शहाणा झालो. कवटी उचलायची, भिंग लावायचं आणि 'उंदीर', 'चिचुंद्री', 'उंदीर' असं पुकारायचं. पटाशी तपासायची आणि बरोबर म्हणायची. मला वाटायला लागलं की हे शास्त्र निघालं तेव्हा एखादा दंतवैद्य जवळ असता तर यांची निम्मी भांडणं वाचली असती. तसं मी तिला सुचवूनही पाहिलं.

एक कवटी मात्र ती मला हाताळू देत नव्हती. काचेच्या झाकणाखाली, कापसावर ठेवलेली. दुर्मिळ चिचुंद्री, या डोंगरावर आजवर कोणी न नोंदलेली, एवढं मला कळलं होतं. शनिवारी पटाशीच्या मार्गदर्शक बाई येणार होत्या, त्या ही कवटी स्वतः बघणार होत्या. पटाशीने त्यांना आधी फोटो पाठवला होता. त्यावर बाईंचं उत्तर आलं होतं की दिव्याखाली माझेही दात तसे दिसतात, कवटी दाखव. ते वाचूनही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही, दातांबद्दल असूनही. बाईंना पटलं तर केंद्र पुढे चालू राहणार होतं. नाही पटलं तर दोन्ही खोल्यांना कुलूप आणि पटाशी खाली शहरात, दुसऱ्या कोणाच्या तरी पिंजऱ्यातल्या पांढऱ्या उंदरांची वजनं करायला. हे तिने मला भांडी घासताना सांगितलं होतं. ताटलीकडे बघत सांगितलं, म्हणजे किती मनाला लागलं असेल ते कळलं. आणि मी ठरवलं की आपण काहीतरी करायचं.

गुरुवारी दुपारी ती पठारावर बादल्या बघायला गेली. या बादल्या जमिनीत काठोकाठ पुरलेल्या असतात. चिचुंद्री धावता धावता आत पडते. आत वाळकं गवत आणि अळ्या ठेवाव्या लागतात, कारण चिचुंद्रीला दोन-तीन तास खायला मिळालं नाही तर ती मरते. त्यामुळे पटाशीला सारखी फेरी मारावी लागे. मी टेबलाशी एकटाच होतो. झाकण उचलून मी ती कवटी भिंगाखाली धरली आणि मला शरम वाटली. दातांची टोकं लालसर, तपकिरी, डागाळलेली. मधले काही दात घुबडाने पाडलेले, ते एक असो. पण उरलेल्यांची ही दशा! शनिवारी एवढ्या मोठ्या बाई येणार आणि माझ्या मुलीच्या टेबलावर असलं अस्वच्छ तोंड?

माझी लहान पेटी मी बरोबर आणली होती. का आणली होती विचाराल तर सुतार रंधा का जवळ ठेवतो, तसंच. आधी डागांवर दात भरताना वापरतो ती आम्लाची जेल लावली, अगदी सुईच्या टोकाने. मग बॅटरीवरचं मशीन, सगळ्यात बारीक रबरी टोक आणि पॉलिशची पेस्ट. खालचा जबडा वेगळा होता, तोही केला. दात असे निघाले की काय सांगू, मोत्यासारखे! माझ्या उभ्या कारकिर्दीत एवढ्या लहान तोंडाचं एवढं सुबक काम झालं नव्हतं. कवटी पुन्हा कापसावर ठेवली आणि चहा टाकला.

पटाशी आली, बूट काढले, चहा घेतला. मी म्हटलं, तुझ्यासाठी एक गंमत केलीय. तिने झाकण उचललं. भिंग घेतलं. मग भिंग ठेवून नुसत्या डोळ्यांनी बघितलं, मग परत भिंग. मी शाबासकीची वाट बघत होतो.

तिचा चेहरा पांढरा पडला, त्या दातांसारखाच. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती खुर्चीवर बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "बाबा, पहिल्या दिवशी संध्याकाळी मी तुम्हाला काय सांगितलं होतं?"

माझी दातखीळ बसली. कारण मला खिडकीचं तावदान आठवत होतं.

तेव्हा तिने पुन्हा सांगितलं. चिचुंद्र्यांत दोन घराणी. एका घराण्याचे दात पांढरे, ते या डोंगरावर सगळीकडे. दुसऱ्या घराण्याच्या दातांची टोकं लाल, कारण त्यांच्या दातांच्या वरच्या थरात लोह असतं, झीज होऊ नये म्हणून. ते घराणं इथे नाही, असं सगळे मानत होते. दोन वर्षं ती इथे राहिली ती या लाल दातांसाठी, आणि दोन वर्षांत मिळाली ही एक कवटी. मधले दात पडलेले असल्यामुळे ओळखायला रंग हाच काय तो पुरावा. आणि तो पुरावा मी आम्ल लावून, पॉलिश करून, चहा टाकेपर्यंत पुसून काढला होता. दोन वर्षांची चिचुंद्री मी अर्ध्या तासात दुसऱ्या घराण्यात दत्तक दिली.

माफी मागायला मी तोंड उघडलं, तर ती म्हणाली, "नका बोलू. तुम्ही काही ऐकत नाही बाबा. कधीच नाही. मी दवाखाना नको म्हणाले तेव्हासुद्धा तुम्ही अस्सं म्हणालात आणि खुर्चीला नवीन गादी शिवून आणलीत, माझ्या मापाची."

गादी मी आणली होती, खरं होतं. निळी.

मला रडू आलं, हे सांगायला लाज कसली. पण रडून दात लाल होत नाहीत. उरला होता शुक्रवार आणि शनिवारची सकाळ. मी म्हटलं, मला बादल्यांवर बसव. ती नको म्हणाली. मग मी तिला तिने नुकतं सांगितलेलं सगळं जसंच्या तसं परत म्हणून दाखवलं, घराणी, लोह, दोन-तीन तासांची भूक, अळ्या, गवत, सगळं. शाळेतल्या पोरासारखं हात मागे बांधून. तिने ऐकलं, एक चूक दुरुस्त केली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मला बादल्यांकडे नेलं.

शुक्रवारचा दिवस मी पठारावर काढला. बादलीत वाकून बघायचं, पुढे जायचं, परत यायचं. पोटामुळे वाकणं म्हणजे एक सोहळाच होता. एकात उंदीर, एकात बेडूक, एकात भुंगे. दुपारी एक चिचुंद्री मिळाली, मी धापा टाकत पटाशीला बोलावून आणलं. दात पांढरे. मी त्या निष्पाप जिवाकडे अशा रागाने बघितलं की जणू तिने मुद्दाम घासून ठेवले होते. पटाशीने तिला अळी देऊन सोडून दिलं. येताना आम्ही दोघं बोललो नाही, म्हणजे ती बोलली नाही आणि मी ऐकत होतो.

शनिवारी बाई आल्या. उंच, पांढरे केस, पाठीवर पिशवी, आणि बोलणं तोडक्या शब्दांत. पटाशीने कवटी पुढे केली आणि काय झालं ते सरळ सांगितलं. नुसतं 'घासली गेली' म्हणाली, कोणी ते नाही. बाईंनी बघितलं आणि म्हणाल्या, हे मला पांढरं दिसतंय. मी मध्ये तोंड घातलं आणि मीच घासले म्हणून सांगितलं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की तीस वर्षांत कोणा पेशंटनेही बघितलं नसेल. मग त्या म्हणाल्या, न बघितलेल्या रंगावर मी सही करू शकत नाही. त्यांचं चुकत नव्हतं.

सकाळची शेवटची फेरी राहिली होती. तिघंही निघालो. पहिल्या बादल्यांत काही नव्हतं. ओढ्याजवळच्या ओल्या गवतातली बादली माझ्या बाजूला होती. वाकलो, तर खाली गवत हललं. पिटुकलं, करडं, लांब नाकाचं. ते बादलीच्या भिंतीवर उड्या मारत होतं आणि मला वाटलं आता निसटणार. हातमोजे खिशात होते. जन्मभर ज्याने हातमोज्याशिवाय कोणाच्या ओठालाही हात लावला नाही, त्या माणसाने उघडा हात बादलीत घातला.

ती कडकडून चावली. नुसती चावली नाही, तर्जनीला धरून लोंबकळत राहिली. मी हात वर काढला तशी तीही वर आली. मी काय ओरडलो ते छापण्यासारखं नाही. बाई धावत आल्या, भिंग काढून वाकल्या आणि म्हणाल्या, दात लाल दिसताहेत, पण हे रक्त आहे तुमचं.

आणि खरंच, रक्त येत होतं. आता आली का पंचाईत! मी घाईघाईने खिशातला रुमाल काढायला दुसरा हात घातला, दात पुसायला.

पटाशी म्हणाली, "बाबा, तुम्ही दातांना हात लावायचा नाही."

तिने कापूस पाण्यात भिजवला. तोवर मला वाटलं की बोट सोडवून घ्यावं, तर बाई कडाडल्या की बोट तिथेच राहू द्या, ते आहे म्हणून तोंड उघडं आहे. म्हणजे मी आता उपकरण झालो होतो. पटाशी माझ्या हाताशी गुडघ्यावर बसली, एका हाताने तिने जनावराचं मानगूट अलगद धरलं आणि कापसाचं टोक त्या दातांकडे नेताना, माझ्याकडे न बघता म्हणाली, "थोडं दुखेल. हलू नका."

हे वाक्य मी किती हजार लोकांना ऐकवलं असेल. ते किती खोटं असतं ते त्या दिवशी कळलं. बरंच दुखतं.

मी हललो नाही. तिने पुसलं. रक्त कापसावर आलं. पुन्हा ओला कापूस, पुन्हा पुसलं. कापूस पांढरा राहिला आणि दातांची टोकं लाल राहिली. पक्की लाल, मुळाशी पांढरी आणि टोकाला गंजासारखी, जशी त्या कवटीची होती. बाईंनी किती वेळ भिंग धरलं कोण जाणे, फोटो घेतले, कवटीतले पडलेले मधले दात इथे शाबूत होते तेही मोजले आणि मग सरळ उभ्या राहून पटाशीला म्हणाल्या, "तुझं बरोबर होतं."

पटाशीने एक अळी पुढे धरली, तेव्हा चिचुंद्रीने माझं बोट सोडलं, अळी घेतली आणि गवतात गेली. मग माझी मुलगी तिथेच, ओल्या जमिनीवर बसून ओक्साबोक्शी रडली. मी शेजारी बसलो. या वेळी काही विचारलं नाही.

केंद्रावर परतल्यावर तिने माझ्या बोटाला पट्टी बांधली, आणि बाईंनी कागदांवर सह्या केल्या. केंद्र चालू राहणार होतं. कवटीचं आता काय करायचं, असं मी चाचरत विचारलं. मला वाटलं टाकून देतील आणि माझी अब्रू वाचेल. बाई म्हणाल्या, असं कसं, हीच पहिली नोंद, ही संग्रहालयात जाणार, शंभर-दोनशे वर्षं राहणार. फक्त तिच्या चिठ्ठीवर जे झालं ते खरं लिहायचं.

पटाशीने बारीक टोकाचं पेन घेतलं. चिठ्ठी दोन बोटांएवढी. तिने डोंगराची उंची लिहिली, तारीख लिहिली, घुबडाच्या ओकारीतून मिळाली असं लिहिलं. मग शेवटची ओळ लिहिली आणि चिठ्ठी वाळवायला माझ्यासमोर ठेवली. 'दातांचा मूळ रंग लाल. नंतर बाबांनी घासले.'

बाईंनी चष्म्यावरून वाचलं आणि म्हणाल्या की 'बाबा' म्हणजे कोण हे दोनशे वर्षांनी कोणाला कळणार, नाव लिही. पटाशी म्हणाली, राहू दे. हसतील त्यांचे दात दिसतील.

मी म्हटलं, निदान पुढे 'डॉक्टर' तरी लाव. तिने चिठ्ठी उचलून बघितली आणि म्हणाली, जागा नाहीये. जागा होती. मी पाहिली होती. पण मी ऐकलं.